सव्वातीन किलो मटार

जानेवारीत मंडईत मटारचे ढीग लागले की आमच्यासारख्या बायकांना साठवणुकीचा झटका येतो. ढीगभर आणायचा, सोलायचा, पिशव्या भरून फ्रीझरमध्ये कोंबायचा आणि पुढच्या वर्षी 'यंदा नको बाई' म्हणत पुन्हा आणायचा. तर त्या रविवारी नेहमीच्या मावशींपुढे उभी होते. त्यांनी चाळीस सांगितले, मी पस्तीसला मागितला, छत्तीसवर जमलं. तीन किलो हवा होता. तागडीत शेवटची ओंजळ पडली तसं पारडं खाली गेलं. "राहू द्या, सव्वातीन झाला," असं म्हणून त्यांनी पिशवीत ओतलासुद्धा. मी पिशवी कोपराला अडकवली आणि पर्समध्ये मोबाइल चाचपू लागले. पैसे द्यायला नव्हे, ते नंतर. आधी हिशोबाला. अंगठा ओला होता, स्क्रीन उघडेना. ओढणीला पुसून पुन्हा लावला. तेवढ्यात मावशी म्हणाल्या, "एकशे सतरा." मी तरीही कॅल्क्युलेटर उघडला. तीन पॉइंट पंचवीस गुणिले छत्तीस. एकशे सतरा. मावशी एव्हाना दुसऱ्या गिऱ्हाइकाची गवार तोलत होत्या. माझ्याकडे न बघताच त्यांनी विचारलं, "जुळलं का ताई?"

त्या विचारण्यात टोमणा असता तर बरं झालं असतं. मी दोन दिवस चिडचिड करून विसरले असते. पण त्या खरंच विचारत होत्या. जुळलं की नाही एवढंच त्यांना बघायचं होतं, दिवसभराच्या हिशोबात माझी चूक नको म्हणून.

मी वाणिज्य शाखेची पदवीधर आहे, हे इथेच सांगून टाकते.

रात्री झोप लागेना. शेजारी नवऱ्याचं घोरणं, बाहेर कुठल्या तरी गाडीचा अलार्म, आणि डोक्यात सव्वातीन गुणिले छत्तीस. मग कधीतरी लख्ख सुचलं की सव्वातीन म्हणजे तेरा पाव. छत्तीसचा पाव नऊ. आणि तेरा नवे... इथे माझा श्वास अडकला, कारण पुढचा आकडा मी काढला नाही, तो चालीतच वर आला. तेरा नवे सतरोदरसे. सतरोदरसे! हा शब्द मी किती वर्षांत उच्चारला नव्हता. सतरा उत्तर शे, शंभरावर सतरा. शब्द आत होता. चाल होती. पाठ होतं सगळं, फक्त हाताशी नव्हतं.

आमचं घर सांगलीचं. दिवेलागणीला शुभंकरोती झालं की परवचा. आम्ही तिघं भावंडं भिंतीला पाठ लावून बसायचो आणि अण्णा, म्हणजे आमचे वडील, आरामखुर्चीत, डोळे मिटून. तीसपर्यंतचे पाढे, मग पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी. एक पाव पाव, बे पाव अर्धा, तीन पाव पाऊण, चार पाव एक. माझ्या धाकट्या भावाला 'पाऊण' म्हटलं की का कोण जाणे हसू फुटायचं आणि पाऊणकी नेहमी रखडायची. एकोणतीसच्या पाढ्याला सगळ्यांचीच बोबडी वळायची. अण्णा डोळे न उघडता म्हणायचे, "परत." चुकीची जागा ते सांगत नसत. ती आम्हीच शोधायची. तेव्हा वाटायचं की या माणसाला आमचा खेळायचा वेळ बघवत नाही. समोरच्या वाड्यातली मुलं त्याच वेळी लपाछपी खेळत असायची, त्यांचा 'धप्पा' खिडकीतून आत यायचा. म्हणजे परवचा काही फार रम्य होती, असं मी म्हणणार नाही. हल्ली लोक तसं म्हणतात. आम्ही जांभया देत, एकमेकांना चिमटे काढत ती उरकायचो.

अण्णा अडत दुकानात दिवाणजी होते. हळदीचं दुकान. त्यांच्या शर्टाची कॉलर आणि कफ कायम पिवळे, आणि आई साबण लावायची तेव्हा ते डाग लालभडक व्हायचे. लहानपणी मला वाटायचं की अण्णांना कुठेतरी लागलंय. दुकानात त्यांच्यापुढे लाकडी मेज, त्यावर लांबलचक वही, आणि समोर पोत्यावर टेकलेले शेतकरी. इतकी पोती, इतकं वजन, इतका भाव, त्यातून अडत, हमाली, तोलाई वजा, आधी दिलेली उचल वजा, राहिलेली पट्टी शेतकऱ्याच्या हातात. हे सगळं तोंडी, आणि तोंडी असताना मध्येच कुणाशी तरी कानडीत गप्पा. अथणीकडचे शेतकरी आले की अण्णा कानडी, मारवाडी व्यापाऱ्याशी हिंदी, आमच्याशी मराठी. १९५७ साली नवे पैसे आले तेव्हा ते चौदा वर्षांचे होते. शाळेत आणे-पैचे हिशोब शिकलेले, दुकानात रुपये-पैशांचे केले. मण आणि शेर जाऊन किलो आले, तेही गिळले. डोक्याला व्यायाम म्हणून यातलं काहीही त्यांनी केलं नाही. पगार मिळायचा, चुकलं तर पगारातून कापला जायचा. व्यायाम हा शब्द त्यांच्या लेखी फक्त तालमीशी जोडलेला होता.

एकदा ते मला हरिपूरला घेऊन गेले होते, पेवं बघायला. सांगलीकरांना सांगायला नको. जमिनीत खोल खड्डा, तोंड अरुंद, पोट मोठं, आत हळद. तिथली माती अशी की ओल आत झिरपत नाही, हळद वर्षानुवर्षं राहते. उतरण्याआधी तोंड उघडून ठेवायचं, कंदील आत सोडून बघायचं. कंदील विझला तर माणूस उतरायचा नाही. मी काठावर पालथी पडून आत डोकावले होते. काळोखातून हळदीचा असा उग्र, ऊबदार वास आला होता की आजही फोडणीत हळद जरा जास्त पडली की मला ते भोक दिसतं. २००५ च्या पुरात कृष्णेचं पाणी त्या पेवांत शिरलं. अण्णा तेव्हा नुकतेच निवृत्त झाले होते. पाणी ओसरल्यावर ते मुद्दाम बघायला गेले, आणि परत आल्यावर जेवले नाहीत.

आता ते आमच्याकडे असतात, पुण्यात. वय ८२. दोन वर्षांपूर्वी मी त्यांना डॉक्टरांकडे नेलं, कारण एका सकाळी ते आईला हाका मारत सगळं घर फिरले. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. डॉक्टर तरुण होते, बोलणं मऊ. त्यांनी आधी तीन शब्द सांगितले, आंबा, खुर्ची, रुपया, आणि म्हणाले, "आजोबा, हे लक्षात ठेवा, मी नंतर विचारणार आहे." मग म्हणाले, "शंभरातून सात वजा करत चला." अण्णा सरसावून बसले. त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, बहात्तर, पासष्ट. "बास, बास," डॉक्टर म्हणाले. अण्णांना ऐकू आलं नाही, किंवा आलं तरी हिशोब मध्येच सोडायची त्यांना सवय नव्हती. अठ्ठावन्न, एकावन्न, चव्वेचाळीस, सदतीस, तीस, तेवीस, सोळा, नऊ, दोन. आणि मग थांबून, वही मिटल्यासारखा हात टेबलावर ठेवून म्हणाले, "दोन उरले." डॉक्टर हसले, मीही हसले. माझ्या छातीवरचा दगड उतरला. मग डॉक्टरांनी विचारलं, "आजोबा, मघाचे तीन शब्द?"

"कुठले शब्द?"

त्यांना नुसतं आठवत नव्हतं असं नाही. शब्द सांगितले होते हेच त्यांच्या गावी नव्हतं. महिना विचारला तर श्रावण म्हणाले. बाहेर मार्चचं ऊन होतं. घड्याळ काढायला सांगितलं तर आकडे बाराच्या बारा सुबक मांडले, काटे काढलेच नाहीत. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले की अशी माणसं आमच्याकडे उशिरा येतात. आयुष्यभर डोकं चाललेलं असतं, त्यामुळे आतली पडझड बरीच झाली तरी वरून घर उभं दिसतं. सराव असतो, शब्द असतात, वेळ मारून नेता येते. आणि मग जेव्हा कळतं तेव्हा पुढचं भराभर होतं. ते मला धीर देत होते की तयार करत होते, मला अजून ठरवता आलेलं नाही.

नातेवाइकांचं मात्र ठरलेलं होतं. "त्यांनी निवृत्तीनंतर शब्दकोडी सोडवायला हवी होती." अहो, सोडवली की! रोजच्या पेपरातलं कोडं, चाळीस वर्षं, पेनने. चहात बुडवलेलं बिस्कीट विरघळून तळाशी जाईपर्यंत एक आडवा शब्द अडलेला असायचा. मग मला राग यायला लागला. अण्णांवर नाही, हिशोबावर. एवढं भरलं होतं, मग गेलं कुठे? मी वाचत सुटले, जमेल तेवढं आणि समजेल तेवढं.

त्यातलं एक डोक्यात रुतून बसलं. १९४७ साली स्कॉटलंडमध्ये अकरा वर्षांच्या जवळपास सगळ्या मुलांची एकच बुद्धिमत्ता चाचणी झाली होती. आपल्याकडे स्वातंत्र्याची धामधूम, तिकडे पोरं पेन्सिली चावत कोडी सोडवतायत. त्यातलीच ४९८ माणसं पुढे साठी ओलांडल्यावर ॲबर्डीनच्या संशोधकांना सापडली आणि त्यांनी वर्षानुवर्षं त्यांच्या स्मरणाच्या, विचारांच्या वेगाच्या चाचण्या घेतल्या. २०१८ मध्ये निष्कर्ष छापून आले. जी माणसं आयुष्यभर वाचत, कोडी सोडवत, डोक्याला काम देत राहिली, ती म्हातारपणी वरच्या पायरीवर उभी होती. पण तिथून उतरण्याचा वेग कमी झालेला नव्हता. उतार सगळ्यांना सारखाच. मी हे वाचलं तेव्हा स्वयंपाकघरात उभी होते आणि कुकरची तिसरी शिट्टी झाली होती. पुढच्या किती झाल्या, कळलं नाही. डाळीचा लगदा झाला. म्हणजे पेव भरलेलं असलं तर जास्त दिवस पुरणार, हे खरं. पण पूर आला की पाणी काही विचारत नाही, पेव किती मेहनतीने भरलं होतं.

दुसरं वाचलं ते हैदराबादचं. तिथल्या निम्स रुग्णालयात डॉ. सुवर्णा अल्लाडी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी स्मृतिभ्रंशाचे ६४८ रुग्ण तपासले. ज्यांना एकाहून जास्त भाषा येत होत्या त्यांचा आजार एकच भाषा येणाऱ्यांपेक्षा सरासरी साडेचार वर्षं उशिरा सुरू झाला होता. हा फरक निरक्षर माणसांमध्येही दिसला, शाळेचं तोंड न पाहिलेल्यांमध्ये. २०१३ मध्ये हे प्रसिद्ध झालं. मी मनातल्या मनात अण्णांच्या अथणीच्या शेतकऱ्यांना हात जोडले. साडेचार वर्षं. आईच्या शेवटच्या आजारपणात अण्णा पूर्ण शुद्धीत होते. तिच्या गोळ्यांच्या वेळा त्यांनी वहीत रकाने पाडून लिहिल्या होत्या. ती साडेचार वर्षं हीच होती का? सरासरीतून एका माणसाचा हिशोब निघत नाही, एवढं मलाही कळतं. तरी मी तो काढते.

आणि एक गोष्ट वाचायला नको होती असं वाटतं. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने २०२४ मध्ये स्मृतिभ्रंशाची टाळता येण्याजोगी चौदा कारणं दिली आहेत. लहानपणी शिक्षण कमी मिळणं हे त्यात आहे, रक्तदाब आहे, मधुमेह, सिगारेट, एकटेपणा आहे. आणि मध्यम वयात कमी ऐकू येणं आहे. अण्णांना पन्नाशीपासूनच कमी ऐकू यायचं. आम्ही हसायचो. "अण्णा, दार लावा" म्हटलं की ते "चार वाजले" म्हणायचे आणि आम्ही खिदळायचो. कानाचं यंत्र भावाने घेतलं ते त्यांच्या पंच्याहत्तरीला, भेट म्हणून. ते अजून कपाटात आहे, डबीत. टोचतं म्हणतात.

माझी मुलगी तेरा वर्षांची. तिला मी दुसरीपासून अबॅकसच्या क्लासला घातलं होतं. का घातलं? सोसायटीतल्या सगळ्यांनी घातलं होतं म्हणून. या क्लासचं असं पेव फुटलंय की प्रत्येक गल्लीत मेंदूचा एकेक पत्रा लटकतोय, अर्धा निळा, अर्धा केशरी. 'बुद्धी तल्लख करा, वय वर्षं पाचपासून.' मी टिंगल करतेय, पण ती मणी सरकवायची तेव्हा बघायला गोड दिसायचं हेही खरं. वरच्या बाजूला एक मणी, खाली चार. पुढे पुढे ती मण्यांची पाटी काढून घेतात आणि मुलं डोळ्यांपुढच्या हवेतच बोटं नाचवतात, न दिसणारी पेटी वाजवल्यासारखी. दोन-दोन आकडी दहा संख्यांची बेरीज ती डोळ्याचं पातं लवेपर्यंत करायची. तिसऱ्या लेव्हलला चषक मिळाला, चौथ्याला कंटाळा आला, सहावीत सुटलं. मध्यंतरी मी तिला विचारलं, "अडीचशे ग्रॅम पनीर शंभर रुपये, तर किलो कसं?" तिने गोंधळून बघितलं आणि म्हणाली, "हे अबॅकसमध्ये नव्हतं." यात तिचा काय दोष. जो खेळ खेळाल त्यातच हात बसतो. फोनवर मेंदूचे खेळ विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीने विसरभोळेपणा दूर ठेवायच्या गमजा जाहिरातीत मारल्या होत्या, त्यापायी तिला २०१६ मध्ये वीस लाख डॉलर मोजावे लागले. तसलाच एक खेळ मीही महिनाभर खेळले. त्या खेळात मी पटाईत झाले. चष्मा मात्र रोज तसाच हरवायचा.

परवा तीच मुलगी अण्णांचं ब्लड प्रेशर लिहून घेत होती. मी आतून ओरडले, "खालचं एकोणऐंशी." ती ओरडली, "एकोणऐंशी म्हणजे सिक्स्टी नाइन ना?" २०१९ मध्ये दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'बरोबर 'वीस एक' आलं तेव्हा मी किती तावातावाने बोलले होते! भाषा बुडाली, संस्कृती बुडाली. माझ्याच घरात एकोणऐंशी बुडाला होता आणि मी त्याला साधी दोरीही टाकली नव्हती. परवचेला बसवायची माझी हिंमत नाही. तिला संध्याकाळी ट्यूशन असते, मला मीटिंग. आणि आम्हाला बसवणारा माणूस दिवसभर दुकानात उभा राहून आलेला असायचा, हेही आता लक्षात येतं. त्याचे पाय दुखत असतील. तरी तो डोळे मिटून तीन मुलांचं एकोणतीसचं रडगाणं ऐकायचा.

मग मी माझ्यापुरतं सुरू केलं. सत्तेचाळिसाव्या वर्षी. उशीर झालाय की वेळेत आहे, देव जाणे. सिग्नलला समोरच्या गाडीच्या नंबरातले आकडे सातने भागायचे. वाण्याची यादी लिहायची, पण घरी ठेवून जायची. गेल्या खेपेला हिंग राहिला. कानडी मुळाक्षरांचं पुस्तक आणलंय, कारण अण्णा हल्ली मध्येच कानडीत शिरतात आणि मला कळत नाही ते काय मागतायत. पहिल्या आठवड्यात दहा अक्षरं आली, दुसऱ्यात त्यातली सहा गेली.

तर मटार. त्या रविवारी दुपारी मंडईतून आल्यावर मी हॉलमध्ये वर्तमानपत्र पसरलं, त्यावर पिशवी उपडी केली आणि अण्णांसमोर परात ठेवली. सोलायला त्यांना आवडतं. शेंगेच्या शिवणीवर अंगठा दाबायचा, 'टप्' करून उघडायची, आणि दाणे एका झटक्यात परातीत. त्यांचे हात अजून पक्के आहेत. मध्येच एखादी कोवळी शेंग दाण्यांसकट तोंडात जाते आणि सालीचा तंतू नंतर हळूच बाहेर येतो. हिरवा, ओला वास खोलीभर झाला. परातीवर दाण्यांचा पाऊस सुरू झाला.

"किती आणले?" त्यांनी विचारलं.

"सव्वातीन, अण्णा."

पाच मिनिटं गेली. "किती आणले गं?"

"सव्वातीन."

"काय भावाने?"

"छत्तीस."

"एकशे सतरा," ते म्हणाले, आणि पुढची शेंग उचलली. मी हातातली शेंग तशीच धरून बसले. मंडईतलं मी त्यांना काहीच सांगितलं नव्हतं.

परात अर्धी भरली. सालांचा ढीग त्यांच्या गुडघ्याला लागला. त्यांनी मान वर करून माझ्याकडे बघितलं, नीट, निरखून, दुकानात नवीन शेतकरी आल्यावर बघत असतील तसं. "एष्टु?" त्यांनी विचारलं.

एवढा शब्द मला आता येतो. "सव्वातीन," मी म्हणाले. आणि का ते माहीत नाही, पुढे खोटं बोलले. "अडतीसने."

"एकशे साडेतेवीस. महाग आणलेस."

फोन सोफ्यावर होता, हाताच्या अंतरावर. माझी बोटं हिरवी, चिकट. अडतीस त्रिक... अडतीस त्रिक चौदोदरसे, म्हणजे एकशे चौदा. पाव अडतीस... छत्तीसचा नऊ, म्हणजे अडतीसचा साडेनऊ. एकशे चौदा आणि साडेनऊ. मी ओठ हलवत होते, परवचेला हलवायची तसे. साडेतेवीसपर्यंत पोचले आणि आनंदाने मान वर केली.

अण्णा परातीत हात फिरवत होते. "किती आणले?" त्यांनी विचारलं.